दामुअण्णांचा कामण्णा

मराठी संगीत रंगभूमीचा जो इतिहास आजवर लिहिला गेला, तो बहुतांशी कंठाचा इतिहास आहे. कोणते पद कोणी कोणत्या रागात म्हटले, त्यास किती वेळा ‘वन्समोअर’ मिळाला, यांच्या नोंदी आपल्या ग्रंथकारांनी आस्थेने केल्या आणि ध्वनिमुद्रिकांनी त्यांस साक्ष दिली. परंतु दोन पदांमधला काळ ज्याने एकट्याने सावरून धरला, त्या विनोदी नटाच्या वाट्यास बहुधा एक विशेषण येते आणि ग्रंथकार पुढे जातो. निपाणीत जन्मलेल्या दामुअण्णा मालवणकरांच्या (१८९३-१९७५) बाबतीत ते विशेषण ‘तिरळे’ हे आहे. त्यांचा डोळा तिरळा होता हे खरेच. पण त्यांच्या कलेचे सारे श्रेय त्या डोळ्यास देऊन मोकळे व्हावे, हे आम्हांला फार दिवस सलत आले आहे.

दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली. तिच्यासाठी गडकऱ्यांनी ‘भावबंधन’ लिहिले आणि १९१९च्या जानेवारीत ते गेले. दीनानाथांची लतिका व चिंतामणरावांचा घनश्याम यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच नाटकात कामण्णा आहे. रूपाने लोकांच्या थट्टेचा विषय झालेला, तरीही लग्नास आसुसलेला. दिनकर ढेरे यांना तर या भूमिकेने ‘दिनकर कामण्णा’ हेच नाव दिले. एकाच्या नावाला चिकटलेली भूमिका दुसऱ्याने करून तीही आपलीशी करावी, हे दामुअण्णांनी साधले.

आम्ही ती भूमिका रंगमंचावर पाहिलेली नाही. आमच्या वयाच्या कोणाही माणसास ते शक्य नव्हते. तरी संहिता हाताशी आहे, आणि गडकऱ्यांची संहिता नटाला कोठे कोठे अडचणीत टाकते हे शिकविताना पदोपदी जाणवते. त्यांचा विनोद कोट्यांचा. कोटी ही बुद्धीची करामत असते, आणि भाबड्या पात्राच्या तोंडी ती घातली की ते पात्र मरते व मागे उभा असलेला लेखक दिसू लागतो. नटाने आपल्याच वाक्यावर मनातल्या मनात खूश व्हावे आणि ती खुशी ओठांच्या कोपऱ्यात उमटावी, एवढ्यानेही घात होतो. गवयाला तेच पद पुन्हा म्हणता येते आणि दुसऱ्या वेळी ते अधिक रंगते. हशा मात्र पुन्हा मागता येत नाही.

यातून दामुअण्णांनी काय वाट काढली असेल, याचा अंदाज त्यांच्या चित्रपटांवरून करता येतो. आचार्य अत्र्यांच्या कथेवरील, मास्टर विनायक दिग्दर्शित ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) पाहावा. ब्रँडी ही काय वस्तू आहे हेच ठाऊक नसलेला त्यातील बगाराम ज्या गांभीर्याने तिच्या शोधात फिरतो, ते गांभीर्य एक क्षणही सुटत नाही. आपण हास्यास्पद आहोत ही वार्ता त्या चेहऱ्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. आमच्या मते दामुअण्णांची सारी कला या न पोहोचण्यात आहे.

डोळ्याच्या युक्तिवादास याहून सबळ उत्तर ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या चित्रपटात मिळते. त्यात दामुअण्णा चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. चिं. वि. जोश्यांनी चिमणरावाचा विनोद काही त्याच्या डोळ्यांवर उभारलेला नाही. तो उभा आहे मध्यमवर्गीय भिडेवर, अब्रूच्या धास्तीवर, फजितीनंतरही शहाणपणाचा आव सोडू न शकणाऱ्या मनावर. ही भूमिका ज्याला पेलली, त्याचे भांडवल व्यंग होते असे म्हणणे हे टीकेचे आळशीपण होय.

येथे थोडे विषयांतर. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. देवलांचे शिक्षण बेळगावात किर्लोस्करांच्याच सहवासात झाले. या दोन नावांचा उच्चार आमच्या भागात प्रत्येक व्यासपीठावर होतो, आणि तो व्हावाच. निपाणी मात्र तंबाखूपुरती आठवते, नाहीतर १९५६च्या राज्यपुनर्रचनेपुरती. सीमेची गाऱ्हाणी मांडताना आपल्याला हसविणारा माणूसही येथलाच होता, हे सांगण्यास आपण का संकोचतो, कोण जाणे.

आता आक्षेपाकडे वळू. व्यंगावर हसणे हीन अभिरुचीचे नव्हे काय? गडकरी या बाबतीत निर्दोष आहेत असे आम्ही म्हणणार नाही. कुरूपतेची थट्टा त्यांच्या काळात सर्रास चाले, आणि आज वर्गात तो भाग वाचताना आमचा आवाज खाली येतो. पण कामण्णाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. लग्नाच्या बाजारातून सर्वांनी ज्याचे नाव खोडले, त्याने स्वतः ते अद्याप खोडलेले नाही. नट जर स्वतःच्या रूपाकडे बोट दाखवू लागला, तर प्रेक्षक रूपाला हसतील; तो जर आपल्या आशेवर ठाम राहिला, तर हसता हसता प्रेक्षकांना त्या आशेचीही ओळख पटेल. हा भेद लेखणीने होत नाही, तो नटच करू शकतो.

हे आम्हांला उशिरा उमगले. काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘भावबंधना’तील एक प्रवेश बसविला होता. शिक्षकांनी कामण्णासाठी सुचविलेल्या मुलाचा एक डोळा तिरळा होता. मुलाची थट्टा होईल या भयाने आम्ही ते नाव कापले आणि दुसऱ्या, चांगल्या डोळ्यांच्या मुलास उभे केले. त्याने डोळे फिरविले, तोंड वेंगाडले. पहिल्या मिनिटास टाळ्या पडल्या आणि मग सभागृह गप्प झाले. कार्यक्रमानंतर पहिला मुलगा सतरंज्या गुंडाळीत होता. आम्ही काही विचारण्यापूर्वी तोच म्हणाला, “सर, मी डोळ्याचं काहीच केलं नसतं. नुसता उभा राहून बोललो असतो.”

दुसऱ्या वर्षी आम्ही तोच प्रवेश पुन्हा घ्यावयाचे ठरविले. तोवर तो दहावी होऊन शाळा सोडून गेला होता.