आधी नाव सांगा!

दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचावे असे काही खुसखुशीत लिहावे, असा शिरस्ता आहे. तो मोडण्याची मला हौस नाही. परंतु ज्या घरात आजी, सून आणि नात एकाच अंकाची पाने पाळीपाळीने उलटतात, त्याच घरात बोलली जायला हवी अशी एक गोष्ट आहे, आणि ती मला काही जुन्या पुस्तकांच्या निमित्ताने सांगावयाची आहे. मी पदवीधर टीकाकार नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, शिवणकामाचे प्रमाणपत्र, सोलापुरातल्या एका शाळेत शिवणाच्या बाईची नोकरी आणि रात्री जागून लिहिलेल्या तीन कादंबऱ्या, एवढीच माझी शिदोरी. तेव्हा या लेखात विद्वत्ता शोधू नये. एका वाचणाऱ्या बाईने वाचताना खाल्लेली ठेच एवढेच त्याचे स्वरूप आहे.

ठेच अशी. गेल्या पावसाळ्यात शिवणाच्या तासाला मी बटणांचा डबा उघडला, तो आत वहीच्या कागदाची एक घडी. तीत दोनच वाक्ये होती. ‘रिक्षावाले काका मला रोज पुढे त्यांच्याजवळ बसवतात. मला पुढे बसायचे नाही.’ खाली नाव नव्हते. मी कागद हातात धरून वर्गाकडे वळले आणि विचारले, “हे कोणी लिहिले आहे?” चाळीस माना खाली वाकल्या आणि चाळीस सुया चालू लागल्या. कोणी बोलले नाही. त्यानंतर त्या डब्यात बटणांखेरीज काही सापडले नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. लिहिणाऱ्या मुलीने काय होते आहे ते सांगितले होते. मी विचारले ते ‘तू कोण?’ आणि मग ध्यानात आले, की हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. अन्यायाविषयी कोणी बाई उघड बोलू लागली, की आपला मराठी समाज गेली सव्वाशे-दीडशे वर्षे हेच विचारीत आला आहे. आधी नाव सांगा, मग गाऱ्हाणे ऐकू!

ज्या बाईने नाव सांगितले तिचे काय झाले, ते प्रथम पाहू. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर दूषणांचा जो वर्षाव झाला, त्याने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या. १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे छोटे पुस्तक छापले, आणि तेही स्वतःच्या नावानिशी. त्याची भाषा घरगुती, तिखट, माजघरातल्या भांडणासारखी धावती आहे. मुद्दा मात्र एखाद्या वकिलाने मांडावा तसा चोख. जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय, एवढेच त्या विचारतात, आणि प्रत्येक दोष घेऊन विचारतात. त्यावर पुस्तकाची कुचेष्टा झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली, पण अशी बाजू घेणारे किती? ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. पहिले पुस्तकसुद्धा लोक विसरले, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणले. नाव सांगण्याची ही किंमत!

पुढे पन्नास वर्षांनी एका बाईने नाव सांगितलेच नाही. १९३३ साली ह. वि. मोट्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिका विभावरी शिरूरकर. विभावरी म्हणजे रात्र. नावच असे, की त्याच्या आड चेहरा दिसू नये. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुली या कथांतून बोलतात. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे त्यातल्या एका कथेचे शीर्षकच पाहा. मुलगी कमावती झाली, घर तिच्या पगारावर उभे राहिले, आणि मग तिच्या लग्नाची घाई कोणालाच उरली नाही! हा छळ मारहाणीचा नाही. तो मायेच्या, कर्तव्याच्या भाषेत होतो, म्हणूनच तो कोणी छळ मानीत नव्हते. बाईंनी त्याला प्रथम छळ म्हटले, हे त्या पुस्तकाचे खरे मोल. कलादृष्ट्या सगळ्याच कथा साधल्या आहेत असे मी म्हणणार नाही. कित्येक ठिकाणी पात्र बाजूला सरते आणि प्रतिपादन पुढे येते. क्वचित अश्रूही थोडे अधिकच गळतात. परंतु त्या काळी झालेला गहजब कलेविषयी नव्हताच. महाराष्ट्रभर एकच चर्चा चालली होती, ही विभावरी कोण? बाई की बाईच्या नावाने लिहिणारा पुरुष? त्या मुली म्हणतात ते खरे आहे काय, हा प्रश्न मागेच राहिला. पडद्याआडच्या लेखिका म्हणजे शिक्षिका असलेल्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. चाळीस मुलींच्या वर्गात उभी राहून मी जे केले, तेच १९३३ च्या महाराष्ट्राने केले होते. माझा वर्ग लहान होता, एवढाच फरक.

आता आमच्या सोलापूरकडे वळते, कारण मालतीबाईंचा आणि या गावाचा संबंध पुष्कळ सोलापूरकरांनाही ठाऊक नसतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या येथील सेटलमेंटमध्ये अधिकारी म्हणून नोकरीस आल्या. सेटलमेंट म्हणजे इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्यापासून ज्या जमातींना जन्मतःच ‘गुन्हेगार’ ठरविण्यात आले, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्याची वसाहत. दिवसा गिरणीत काम, आणि ठरल्या वेळी हजेरी. या अनुभवावर त्यांनी ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. आमच्या गावात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव आजही पत्त्यांत लिहिले जाते. त्यातला ‘फ्री’ हा शब्द कशातून मोकळा झाला, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने ‘बळी’ वाचावी.

चिठ्ठीच्या प्रसंगानंतर मी ती तिसऱ्यांदा वाचली, आणि या खेपेस माझे लक्ष हजेरीवर खिळले. ज्या माणसांचे नाव रोज पुकारले जाते, ठसे सरकारच्या दप्तरी असतात, त्यांच्याइतकी ‘नाव सांगणारी’ माणसे दुसरी कोण? पण त्यांचे गाऱ्हाणे कोणी लिहून घेतले? नाव कळले म्हणजे माणूस ऐकला, असे मुळीच नाही. पुष्कळदा नाव विचारले जाते ते ऐकण्यासाठी नव्हे, ताब्यात ठेवण्यासाठी. मालतीबाईंच्या लेखणीने हे अचूक पकडले आहे. सुधारणेच्या नावाखाली चाललेला जाच त्यांनी दाखविला, आणि त्या स्वतः त्या यंत्रणेतल्या पगारी अधिकारी असताना पाहिलेला दाखविला, हे धैर्य लहान नव्हे.

तरीही एक उणीव सांगितलीच पाहिजे. ‘बळी’मध्ये कुंपणातली माणसे बोलतात ती कुंपणाबाहेरून आलेल्या बाईच्या तोंडून. सहानुभूती खरी आहे, निरीक्षण बारीक आहे. पण खुर्ची कचेरीतली आहे. हा दोष लेखिकेचा कमी आणि काळाचा अधिक. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. त्यानंतर एक पिढी शाळेत जावी लागली, तेव्हा कोठे १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले आणि १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’. आता माणूस स्वतःचे नाव स्वतः सांगू लागला होता. हजेरीतले नाव आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे नाव यांत केवढे अंतर आहे!

पण बायकांचे काय? फलटणच्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. लिहिलेले कागद त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांच्या नजरेआड लपवून ठेवले होते. महार समाजातील बायकांचे हाल त्यांनी निर्भीडपणे मांडले. मात्र स्वतःच्या नवऱ्याकडून सोसलेली मारहाण पुस्तकात सांगितली नाही. पुढे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या माया पंडित यांनी मुलाखतीत विचारले, तेव्हा ती त्यांनी सांगितली. म्हणजे मुखपृष्ठावर नाव घालण्याचे धैर्य असलेल्या बाईलाही काही गोष्टींसाठी एक वेगळा ऐकणारा लागला. बोलणे धीट हवे, हे आपण नेहमी म्हणतो. ऐकणेही तितकेच धीट हवे, हे कोणी म्हणत नाही.

कायद्याला ही गोष्ट साहित्यापेक्षा लवकर समजली, असे दिसते. १९७२ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडून दिले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. देश खळबळला, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या बदलात एक कलम असे आले, की अत्याचारित स्त्रीचे नाव छापणे हाच गुन्हा. त्या मुलीचे नाव मात्र तोवर खटल्याला कायमचे चिकटले होते. मी ते येथे पुन्हा लिहीत नाही.

एवढे होऊनही आपली सवय गेलेली नाही. २०१८ मध्ये चित्रसृष्टीतल्या, वर्तमानपत्रांतल्या स्त्रिया उघड बोलू लागल्या, तेव्हा दिवाणखान्यांत काय ऐकू आले? ‘इतकी वर्षे गप्प का होती?’ हे ‘तू कोण?’चेच धाकटे भावंड. २०२१ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या न्यायालयाने एका स्त्री पत्रकाराला बदनामीच्या आरोपातून मुक्त करताना, कित्येक वर्षांनंतरही स्त्रीला आपले गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट केले. न्यायालयाला पटले ते आपल्या दिवाणखान्याला अजून पटायचे आहे.

येथे एखादा सुज्ञ वाचक विचारील, की बाई, निनावी चिठ्ठीवर विश्वास ठेवू लागलो तर एखाद्या निरपराध माणसाची अब्रू धुळीस नाही का मिळणार? शंका रास्त आहे. पण ऐकणे म्हणजे निवाडा देणे नव्हे. चिठ्ठीवरून कोणाला शिक्षा करा, असे मी म्हणत नाही. चिठ्ठीवरून उठून पाहायला जा, एवढेच म्हणते. ‘कळ्यांचे निःश्वास’ वाचणाऱ्याला विभावरी कोण हे कळण्याची गरजच नव्हती. त्याने आपल्याच घरातल्या कमावत्या लेकीकडे एकदा पाहिले असते, तर त्या कथा खऱ्या की खोट्या याचा उलगडा झाला असता.

हे मला पुस्तकांनी शिकविले आणि उशिरा शिकविले. दुसऱ्या दिवसापासून मी शाळा सुटताना फाटकापाशी उभी राहू लागले. कोणत्या रिक्षात कोण पुढे बसते, मागे जागा असताना कोणाला पुढे बोलाविले जाते, हे चार दिवस नुसते पाहिले. मग मुख्याध्यापिकाबाईंना सांगितले. मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा अशा बाबतीत संशय आला तरी कळविणे बंधनकारक करतो. त्यांनी रीतसर कळविले, आणि पुढे जे व्हायचे ते झाले. तो माणूस आता शाळेसमोर येत नाही. यात कोणा मुलीला वर्गात हात वर करावा लागला नाही. चिठ्ठी लिहिणारी कोण, हे मला आजही ठाऊक नाही.

वाचकहो, उद्या-परवा आपण पाहुण्यांकडे फराळाला जाऊ. निघताना घरातली एखादी नात, एखादी भाची म्हणेल, ‘मला त्यांच्याकडे नाही यायचे.’ ‘का? कोण काय म्हणाले? नाव सांग!’ असे सर्वांसमक्ष तिला दरडावू नका. हट्टी म्हणून हाताला धरून ओढूही नका. त्या घरी तिला घेऊन न जाता निरोप पाठवा, आणि सवड काढून तिच्याजवळ बसा. ती लगेच बोलेलच असे नाही. बोलेल तेव्हा मध्येच काही न विचारता ऐकून घ्या.

बटणांचा डबा मी अजून त्याच जागी, झाकण सैल ठेवून, ठेवीत असते.