पाटी बदलली, शिडी तीच

पीएचडीनंतर प्राध्यापक व्हायचा विचार असेल, तर ही बाजू आधीच बघून ठेवा.

1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. 2015 मध्ये त्यांची एचआरडीसी झाली, 2023 मध्ये मालवीय मिशनची केंद्रं. पाटी बदलली, पण शिक्षक तिथे जातो त्याचं मोठं कारण तेच राहिलं: कॅस, म्हणजे बढतीची योजना. 2018 च्या नियमांनुसार पीएचडीधारक सहायक प्राध्यापकाला लेव्हल 10 वरून 11 वर जायला 4 वर्षांची सेवा लागते, शिवाय 21 दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स वगैरे. मग काय शिकलो यापेक्षा सर्टिफिकेट मिळालं का, हाच प्रश्न मोठा होतो.

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. ही शिडी कायम नोकरीवाल्यांची. महाराष्ट्रात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्याला तासाचे पैसे मिळतात. त्याला लेव्हलच नाही, तर बढती कसली? आणि पीएचडीनंतर आपल्यापैकी अनेकांची सुरुवात तिथेच होते. ज्याला आधार सर्वात जास्त हवा, तोच शिडीबाहेर.

म्हणून नोकरी लागेपर्यंत थांबू नका. 2022 च्या पीएचडी नियमांत संशोधकाला अध्यापन आणि लेखनाचं प्रशिक्षण आवश्यक आहे. आठवड्याला 4 ते 6 तास ट्यूटोरियल, प्रॅक्टिकल, मूल्यमापनाचं कामही देता येतं. प्रवेश घेतानाच विभागात विचारा: हे इथे प्रत्यक्षात होतं का, आणि शिकवतं कोण?