समाधीचा दाखला

इच्छामरणाचा विषय निघाला की कुणीतरी आळंदीचा दाखला देतोच. माउलींनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली ती तुम्हाला चालते, मग खिळलेल्या म्हाताऱ्याने मरण मागितले तर तुमचे काय बिघडते? आपल्यातले बहुतेक जण ‘त्याची बरोबरी होत नाही’ एवढे म्हणून हात जोडतात. तसे म्हणणे खोटे नाही, पण विचारणाऱ्याच्या पदरात त्यातून काही पडत नाही. दाखला तपासूनच पाहिला पाहिजे.

मराठीत तो सर्वांत ठामपणे मांडला स्वातंत्र्यवीर सावरकरांनी, १९६४ साली, ‘आत्महत्या नव्हे, आत्मार्पण’ या लेखात. निराशेने, त्राग्याने देह टाकणे ही आत्महत्या. जीवितकार्य पुरे झाले, देह झिजला, आता करण्याजोगे काही उरले नाही अशा तृप्त मनाने देह ठेवणे हे आत्मार्पण, असा तो भेद. आधाराला कुमारिल भट्ट आहेत, माउली आहेत. सावरकर लिहून थांबले नाहीत. फेब्रुवारी १९६६ मध्ये दादरच्या सावरकर सदनात त्यांनी अन्न आणि औषध सोडले आणि २६ तारखेला, वयाच्या ८२व्या वर्षी, देह ठेवला. बोलले तसे वागलेल्या माणसावर टीका करताना जीभ जपूनच चालवावी. पण लेख लेख म्हणून वाचला तर त्यातले माप खटकते.

ते माप आहे कार्याचे. कार्य संपले की जगण्याचे कारण संपले. आता नामदेवरायांचे समाधीचे अभंग आठवा. तिथे ज्ञानदेव ‘माझे काम झाले’ असा हिशेब मांडून उठत नाहीत. ते पांडुरंगाकडे मागतात. संत जमतात, निवृत्तिनाथांसारख्या गुरूचा बांध फुटतो, नामदेव तर लहान मुलासारखे रडतात. कुणी म्हणत नाही की या देहाचा आता उपयोग उरला नाही. उपयोगाचे माप त्या प्रसंगात कुठेच नाही, ते सावरकरांच्या लेखाने बाहेरून आणून तिथे ठेवले आहे.

आणि आपल्या पंथात मरणे का एकच आहे? मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. वेठीला जुंपलेल्या माणसाने कसले मरण निवडायचे? नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. मुक्ताई विजेच्या लोळात गुप्त झाल्या. माउलींचे मरण थोर आणि चोखोबांचे उणे, असे कुठल्याही वारकऱ्याने मानलेले नाही. दाखला द्यायचा तर सगळ्यांचा द्यावा. सोयीचा एकच उचलू नये.

माप एकदा छापले गेले की ते लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगावात ठाकूरद्वारच्या नारायण आणि इरावती लवाटे यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली. ते एसटीतून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या बरेच पुढे; त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, ऐंशीला टेकलेल्या. असाध्य आजार दोघांनाही नव्हता. मूलबाळ नाही, समाजाला आपला उपयोग नाही, आपल्यावर साधने खर्ची पडणे व्यर्थ आहे, असे त्यांचे म्हणणे. फाशीच्या कैद्याला जीवदान देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना असेल तर आम्हाला मरण देण्याचा का नसावा, हा त्यांचा युक्तिवाद चतुर होता आणि त्यांचा प्रामाणिकपणा कुणी नाकारू नये. पण पिढ्यान् पिढ्या मुले शिकवलेल्या बाईंनी स्वतःला निरुपयोगी ठरवावे हे वाचून मला त्यांचा नव्हे, त्या मापाचा राग आला.

माउलींनी वार्धक्याकडे डोळेझाक केली असेही नाही. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढून पाहा. दात, डोळे, गुडघे, घरच्यांचे हिडीसफिडीस करणे, सगळे इतके उघडे लिहिले आहे की वृद्धांसमोर वाचताना संकोच वाटतो. लिहिणाऱ्याचे वय होते पंधराच्या आसपास! पण त्यातून निघते ते एवढेच, की हातपाय चालत आहेत तोवर जागे व्हा. देह टाका, असे निघत नाही.

परळच्या केईएम रुग्णालयातली हकिकत आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या तिथेच पडून होत्या. कार्याच्या मापाने ती सारी वर्षे शून्य. पण त्या काळात अंगावर एक शय्याव्रण होऊ न देणाऱ्या परिचारिकांनी ते माप हातात धरलेच नाही. पिंकी विराणी यांची याचिका आली तेव्हा ‘आमची अरुणा आम्ही सांभाळतो’ या बाजूने त्या उभ्या राहिल्या. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि अरुणाताईंचे जवळचे म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच मानले.

मात्र त्याच निकालाने कृत्रिम उपचार काढून घेण्याचा मार्गही या देशात प्रथम खुला केला, म्हणजे विराणी यांचा प्रश्न वाया गेला नाही. आपल्या बाजूची खोट इथे बोलली पाहिजे. ‘विठ्ठल ठेवील तोवर राहावे’ हे वाक्य कीर्तनात गोड लागते, पण आयसीयूच्या दारात तेच वाक्य विठ्ठलाच्या नव्हे, यंत्राच्या बाजूने वापरले जाते. कर्करोग सर्वांगी पसरलेला, डॉक्टर सांगतात की आता उपाय नाही, आणि मुले लोक काय म्हणतील या धाकाने बापाच्या घशात नळी घालून घेतात. त्याच्या कानात नाम पडत नाही, मुखात तुळशीचे पाणी जात नाही, हात धरायला भेटीची वेळ संपलेली. नळी नको म्हणणे म्हणजे देह टाकणे नव्हे. आलेल्या मरणाची वाट न अडवणे आणि मरण ओढून आणणे यांतला भेद आपल्या लोकांना समजावून सांगणे हे कीर्तनकारांचे काम होते. ते न्यायालयाला करावे लागले.

९ मार्च २०१८ च्या निकालाने लिव्हिंग विलला, म्हणजे शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या उपचारांबाबतच्या इच्छापत्राला, मान्यता दिली. औषध टोचून मरण देण्याला दिलेली नाही. लवाटे दाम्पत्याच्या मागणीला म्हणूनच त्यात जागा मिळाली नाही, आणि माझ्या मते ते योग्य झाले. पहिली पद्धत फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी झाली. न्यायदंडाधिकाऱ्याची सही आता लागत नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. वेळ आली की दोन वैद्यकीय मंडळे पाहणी करतात, मगच यंत्र काढता येते. आपल्या वतीने कुणी बोलायचे त्याचे नाव कागदावर लिहावे लागते, आणि ते लिहिताना त्या माणसाशी बोलणे होतेच, जे एरवी घरात कधी होत नाही.

साक्षीदार दोन लागतात. लालबाग-परळच्या चाळीत भजनी मंडळ असेल तर ते मिळायला अडचण पडू नये.