सीमाभागातील कुमारांसाठी कादंबरीची निवड

मराठीत बालवाङ्मयाचे कौतुक पुष्कळ झाले आणि प्रौढ वाङ्मयाची चिकित्सा त्याहून अधिक झाली. परंतु ज्याला बडबडगीतांचा वीट आला आहे आणि ज्याच्या हाती ‘मृत्युंजय’ आताच द्यावी की दोन वर्षे थांबावे याचा घरात निकाल लागत नाही, अशा तेरा ते सतरा वर्षांच्या वाचकाचा विचार आपल्या समीक्षेने अद्याप नेटाने केलेला नाही. ही उणीव सर्वत्रच आहे. पण बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या पायथ्याशी भातशेतीत वसलेल्या येळ्ळूरसारख्या गावी ती अधिक तीव्रतेने जाणवते. येथे मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाचे पाठ्यपुस्तक कर्नाटक सरकारच्या दप्तरातून मंजूर होऊन येते. ‘बालभारती’ आणि तिचे 1971 पासून निघणारे ‘किशोर’ मासिक ज्या महाराष्ट्र शासनाच्या छत्राखाली चालते, त्या शासनाचा अंमल या गावावर नाही. आणि कन्नड, इंग्रजी व मराठी अशा तीन भाषांचे ओझे वाहणाऱ्या त्या मुलाला स्वतःच्या भाषेत एखादे पुस्तक अथपासून इतीपर्यंत वाचण्याचा अवसर मिळालाच, तर तो मराठीच्या तासालाच मिळणार.

तो अवसर तेथेही सहसा मिळत नाही. कादंबरी वर्गात येते ती उताऱ्याच्या रूपाने: तीन-चार पानांचा वेचा, खाली शब्दार्थ, त्याखाली स्वाध्याय. कथा अथवा कविता हा जाच सोसू शकते, कारण तिचा आकार मुळातच लहान असतो. कादंबरीचे मर्म मात्र काळाच्या ओघात, एका पात्राच्या सहवासात महिनाभर राहण्यात आणि त्याच्या पालटणाऱ्या मनाबरोबर आपलेही मन नकळत पालटण्यात असते. स्थूलवाचनाच्या नावाखाली का होईना, वर्षाकाठी एक संपूर्ण कादंबरी वर्गाने एकत्र वाचावी, हे माझे पहिले मागणे आहे.

मग कोणती वाचावी? खास कुमारांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांची आपली परंपरा दरिद्री नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला फास्टर फेणे यांनी मराठी मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, आणि भागवतांच्या गद्याची चपळाई आजही कोणा लेखकाने अभ्यासावी अशी आहे. साहित्य अकादमीने 2010 पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार देण्यास आरंभ केल्यानंतर ल. म. कडू यांची ‘खारीच्या वाटा’ (2017), सलीम मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’ (2019), भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ (2024) ही पुस्तके गौरविली गेली, हे चिन्ह निःसंशय आशादायक आहे. तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या कुमारकादंबरीचा नायक साहस करतो, रहस्य उलगडतो, चोर पकडून देतो. परंतु बहुधा पहिल्या पानावर तो जसा असतो तसाच शेवटच्या पानावरही राहतो. चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो, आईबापांविषयी प्रथमच संशय उत्पन्न होतो, आपण नक्की कोणाचे हा प्रश्न रात्री झोप लागू देत नाही. त्या वयाच्या वाचकाला न पालटणारा नायक रंजन देईल, सोबत देणार नाही. ‘खारीच्या वाटा’ येथे वेगळी ठरते, कारण धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावाबरोबर तिच्यातील बालपणही सुटत जाते, आणि ही हानी लेखक कोणत्याही बोधाने भरून काढीत नाही.

ज्या पुस्तकांकडे बेळगावच्या शिक्षकाने सर्वांआधी वळावे ती मात्र कुमारसाहित्याच्या फेरिस्तीत नाहीत, आणि ती याच मातीशी बांधलेली आहेत, याचे मला वारंवार आश्चर्य वाटते. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’ (1994), ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ अशा चार पुस्तकांतून भेटतो. रूपाने हे कथासंग्रह, पण सलग वाचले असता एका मुलाच्या वाढीची एकच दीर्घ कादंबरी. आईबाप व भावंडे दुसऱ्या गावी आणि हा आजी-आजोबांपाशी, अशा विरहातून त्याचे विलक्षण संवेदनशील मन घडत जाते. इंदिरा संतांच्या या पुत्राने त्याच्या तोंडी जी मराठी घातली ती कानडीच्या शेजाराने वळलेली, बेळगावच्या अंगणात बोलली जाणारी मराठी आहे. येळ्ळूरच्या मुलाच्या वहीत जी वळणे तांबड्या शाईने खोडली जातात, तीच वळणे मराठीतील एका श्रेष्ठ गद्यात मानाने नांदताना त्याने पाहिली, तर स्वतःच्या बोलीविषयीचा त्याचा संकोच व्याकरणाच्या शंभर नियमांनी सुटणार नाही इतका सहज सुटेल.

दुसरे पुस्तक भाषांतरित आहे. बेळगावात शिकलेल्या आणि आयुष्याचा मोठा भाग धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करण्यात घालविलेल्या जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनराड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची जी पुस्तके मराठीत आणली, त्यांत ‘रानातील प्रकाश’ आहे. मूळ कादंबरी 1953 ची. अमेरिकेतील शाळांत ती दीर्घकाळ शिकविली गेली. चार वर्षांचा असताना रेड इंडियनांनी पळवून नेलेला आणि त्यांच्यातच पुत्रवत् वाढलेला एक गोरा मुलगा पंधराव्या वर्षी तहाच्या अटीनुसार जन्मदात्यांकडे परत पाठविला जातो. ज्यांचे रक्त अंगात आहे त्यांची भाषा, कपडे, छप्पर त्याला सोसवत नाहीत, आणि पळून आपल्या माणसांत परतल्यावर तेथेही त्याची निष्ठा कसोटीला लागून अखेर दोन्हीकडचे दरवाजे मिटतात. लेखक कोणत्याही एका पक्षाला निर्मळ ठरवीत नाही. क्रौर्य दोहोंकडे आहे, माया दोहोंकडे आहे. घरी एक भाषा, कचेरीत दुसरी, आणि आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकलेला, 1956 पासून न मिटलेला महाराष्ट्र-कर्नाटक सरहद्दीचा वाद, अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाला या पुस्तकावर बोलण्यासारखे जे आहे ते पुण्या-मुंबईच्या मुलाला क्वचितच असेल.

या दोहोंच्या जोडीला आनंद यादवांची ‘झोंबी’ (1987) हवी. निपाणीलगतच्या कागलची ती कहाणी. शेतीच्या कामासाठी बाप शाळा सोडवतो आणि मुलगा जिद्दीने शाळा मिळवतो. रोपलावणीच्या दिवसांत वर्गातले बाक ओस पडतात, हे पाहिलेल्या शिक्षकाला तिचे प्रयोजन वेगळे सांगावे लागणार नाही. ग्रंथ जाडजूड आहे, म्हणून तो वर्षभर पुरवून वाचावा. कापून लहान करू नये.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’विषयी मात्र माझे मत निराळे आहे. आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुलाची ती कादंबरी अस्सल आहे, आणि तिच्यातील मुलांची भाषा व प्रेमभावना यांमुळे ती कपाटात कुलूपबंद ठेवणे हा अन्याय होय. पण ती वर्गात शिकवूही नये. काही वाचन एकान्ताचे असते. त्यावर प्रश्नोत्तरे लिहून घेतली की मुलाची कोवळी लाज विनाकारण चव्हाट्यावर येते. ग्रंथालयातून ती विनाचौकशी मिळावी, एवढी तजवीज पुरे.

एका मोहाविषयी सावध केले पाहिजे. जुलै 2014 मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार गावातील ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक हटविण्यात आला, त्या वेळचा क्षोभ येळ्ळूरकर विसरलेले नाहीत. अशा गावात मराठी पुस्तक निवडताना अस्मितेला पोषक तेवढेच निवडावे असे वाटणे स्वाभाविक आहे. गडाच्या सावलीत वाढलेली मुले ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे आपण होऊन वळतात. जवळच्या कोवाडच्या रणजित देसाईंची ‘स्वामी’ त्यांनी अवश्य वाचावी. परंतु शाळेने केवळ अभिमानाचा खुराक पुरविला, तर वाचन हे घोषणेचे दुसरे रूप होईल, आणि मराठी ही केवळ लढण्याची भाषा आहे, स्वतःच्या मनाशी बोलण्याची नव्हे, असा समज रुजेल. भाषेची याहून मोठी हानी मला दिसत नाही.

येळ्ळूरला ग्रामीण मराठी साहित्य संमेलन भरते. कडोली, उचगाव या गावांचाही तोच शिरस्ता आहे. ग्रंथदिंडी, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन या क्रमात आयोजकांनी एक सत्र नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी मुक्रर करावे. वर्षभर वाचलेल्या एका कादंबरीवर मुलांनी व्यासपीठावरून वाद घालावा, नायक कोठे चुकला आणि लेखक कोठे चुकला हे आपल्या बोलीत सांगावे, आणि बाहेरगावच्या पाहुण्या साहित्यिकांनी त्या वेळी श्रोत्यांत बसावे.