खेळाची संहिता आणि तिची रंगभूमी

संगणकावरील खेळांसाठी जुनी ऑपरेटिंग सिस्टिम ठेवावी की नवी घ्यावी, हा प्रश्न सामान्यतः बाजाराचा मानला जातो. त्यामुळे त्याची उत्तरेही बाजारी स्वरूपाचीच मिळतात. एक पक्ष नवी प्रणाली सर्वच बाबतींत सरस ठरवितो; दुसरा म्हणतो, जुनी हलकी आणि म्हणून वेगवान. कोणता खेळ खेळावयाचा हे न विचारताच प्रणालीचे गुणदोष ठरविणे, हा दोष मात्र दोन्ही पक्षांना समान आहे. वस्तुतः संगणकीय खेळ ही नाटकाप्रमाणेच प्रयोगसिद्ध कृती होय. तबकडीवर असते ती केवळ संहिता. रंगभूमी बदलली की प्रयोग बदलतो, हे नाट्यसमीक्षेने मान्य केलेले तत्त्व येथेही लागू पडते.

गोंदिया जिल्ह्यातील अभ्यासकाला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. झाडीपट्टीत मंडईच्या दिवसांत रात्री उभा राहिलेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. तीच संहिता शहरातील नाट्यगृहात अडीच-तीन तासांत बसविली, तर कथानक कदाचित तेच राहील. परंतु गाण्यांना आणि विनोदाला मिळणारा पैस, रात्र चढत जाण्याचा प्रत्यय, हे सारे लोपलेले असेल. खेळाच्या बाबतीत काळाचा हा प्रश्न अधिकच बिकट होतो. 1990 साली निघालेल्या ‘विंग कमांडर’ची गती त्या वेळच्या प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून होती, पुढच्या पिढीतील यंत्रांवर तो इतका भरधाव धावू लागला की खेळणाऱ्याला हात हलविण्यासही अवधी मिळेना. एकही अक्षर न बदलता पाठ भ्रष्ट व्हावा, हा प्रकार पाठचिकित्सेच्या अभ्यासकांनाही अपरिचित वाटेल.

याहून बोलके उदाहरण ‘स्पेस कॅडेट’ या पिनबॉलच्या खेळाचे आहे. विंडोज एक्सपीबरोबर तो फुकट मिळत असे, आणि संगणकाशी प्रथम परिचय त्या काळात झालेल्यांना तो सहज आठवेल. पुढे आलेल्या व्हिस्टामधून तो नाहीसा झाला. त्याचे कारण मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी 2012 मध्ये सांगितले. खेळ 64 बिटांच्या प्रणालीसाठी सिद्ध करताना चेंडू व इतर वस्तू यांचा परस्परस्पर्श ओळखणारा भाग बिघडला. चेंडू कशालाही न अडता आरपार खाली जाऊ लागला. मूळ संहिता बाहेरच्या कंपनीने लिहिलेली आणि जवळजवळ टीपारहित. दोष कोठे आहे हे सापडेना, तेव्हा खेळच वगळण्यात आला. टीकेवाचून राहिलेली पोथी दुर्बोध होते हे ठाऊकच होते. येथे तर वीस वर्षेही न लोटता ती अवस्था आली!

अर्थात जुन्या प्रणालीचा आश्रय घेतला म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. तबकडीची नक्कल होऊ नये म्हणून अनेक खेळांना ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप घातलेले असे. त्यातील एक घटक संगणकाच्या अंतर्भागापर्यंत पोहोचत असल्याने घुसखोराला वाट मोकळी करून देणारा ठरला. 2015 च्या विंडोज 10 ने त्याला थारा दिला नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या सुरक्षा-दुरुस्तीने जुन्या विंडोजवरही तो बंद केला. पैसे मोजून घेतलेली तबकडी हाती असूनही खेळ उघडेना. हा निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होता. परंतु त्याची किंमत खेळणाऱ्याने दिली, याकडे नव्याचे समर्थक सहसा पाहत नाहीत.

नव्या कृतींविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्या नव्या रंगभूमीसाठीच रचलेल्या असतात. डायरेक्टएक्स 12 हा चित्रांकनाचा पाया विंडोज 10 बरोबर आला, आणि त्यावर उभारलेल्या खेळांसाठी एक्सपीचा हट्ट धरणे निरर्थक आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 2020 मधील ‘राजी’ हा पुराणकथांवर आधारलेला खेळ त्याच्या काळाच्या यंत्रावरच पाहावा. मात्र 1 जानेवारी 2024 पासून ‘स्टीम’ या विक्रीकेंद्राने विंडोज 7 व 8 यांचा आधार काढून घेतला, हे लक्षात घेतले म्हणजे निवड खेळणाऱ्याच्या हाती कितपत उरली आहे, असा प्रश्न पडतो.

देवरी किंवा सालेकसा येथील एखाद्या विद्यार्थ्याजवळ दहा वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या हाताने घेतलेला संगणक आहे असे धरले, तर त्याचा पेच स्पष्ट होतो. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 साठी लागणारा प्रोसेसर व टीपीएम 2.0 ची सोय त्या यंत्रात बहुधा नसणार. लिनक्सवर विंडोजचे खेळ चालविणारे ‘प्रोटॉन’ 2018 पासून उपलब्ध आहे खरे, पण त्याला लागणारे चित्रांकनाचे बळ जुन्या यंत्रात असेलच असे नाही. अशा वेळी त्याने नव्या खेळांच्या मागे धावण्यापेक्षा त्या यंत्राच्या काळातील खेळ त्यावर खेळावेत, आणि आधार संपलेली प्रणाली इंटरनेटला जोडू नये, हेच इष्ट होय. ज्याला नवे यंत्र परवडते त्याने नवीच प्रणाली घ्यावी. डॉसच्या काळातील ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’सारखे खेळ 64 बिटांच्या विंडोजवर थेट चालत नसले, तरी 2002 पासून मिळणाऱ्या ‘डॉसबॉक्स’मध्ये ते पाहता येतात.

डॉसबॉक्समध्ये यंत्राचा वेग मात्र खेळणाऱ्याला स्वतःच कमी-अधिक करता येतो. म्हणजे ‘विंग कमांडर’ मुळात किती वेगाने चालत असे, हे ज्याने तो त्या काळी पाहिला नाही त्याला अंदाजानेच ठरवावे लागते. एखाद्या प्रबंधात जुन्या खेळाची चर्चा येते तेव्हा तो कोणत्या प्रणालीवर व कोणत्या वेगाने पाहिला याची नोंद तेथेच व्हावयास हवी. आज तरी खेळाच्या नावापलीकडे फारसे काही सांगण्याची प्रथा नाही.