नकाशावरचा ठिपका : किती नेमका, किती ताजा?

संगणकाच्या पडद्यावर नकाशा उघडावा आणि त्यावर कुणाची मोटार, कुणाचा फुगा, एखादे हवामान केंद्र ठिपक्यांच्या रूपात दिसावे, याची गंमत वाटणारच. हौशी रेडिओचालकांच्या ‘एपीआरएस’ या पद्धतीने हे साधले. अमेरिकेच्या नौदल अकादमीतील बॉब ब्रुनिंगा यांनी ती घडवली. १९८४ साली १०० मैलांच्या घोडदौडीसाठी त्यांनी व्हिक-२० या घरगुती संगणकावर तिचे आधीचे रूप वापरले होते. १९९० च्या दशकात जीपीएस यंत्रे आवाक्यात आल्यावर ती फैलावली. या पद्धतीचे कौतुक आम्हालाही आहे. पण वर्गात ती दाखवताना ठिपक्यावर किती विश्वास ठेवायचा, हे आधी तपासायला हवे असे आम्हाला वाटते.

पद्धत साधी आहे. गाडीतले जीपीएस यंत्र अक्षांश-रेखांश देते. ते १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत बदलून, सेकंदाला १२०० बिट या वेगाने प्रक्षेपित होतात. उत्तर अमेरिकेत सारेजण १४४.३९ मेगाहर्ट्झ ही एकच कंप्रता वापरतात. उंचावरची केंद्रे ऐकलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करतात आणि इंटरनेटला जोडलेली केंद्रे तो जगभर पोचवतात.

आता थोडे गणित करू. नेहमीच्या संदेशात स्थान मिनिटाच्या शंभराव्या भागापर्यंत दिलेले असते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १८५२ मीटर; म्हणजे ही नेमकेपणाची पायरी साडेअठरा मीटरची झाली. छान! पण समजा, ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर दोन मिनिटांनी संदेश पाठवते. दोन संदेशांच्या दरम्यान ती दोन किलोमीटर पुढे गेलेली असते. एक संदेश हरवला तर चार. स्थान नेमके, पण वेळ शिळी!

आणि संदेश हरवतातच. कंप्रता एकच असल्याने दोघे एकदम बोलले की दोघांचेही बिघडते. स्थानाचा संदेश ‘पोचला’ अशी पोच कुणी देत नाही. शिवाय बहुतेक चालत्या गाड्यांच्या संदेशांत पाठवल्याची वेळ नसते. वेळ लिहिण्याची सोय पद्धतीत आहे, पण ती ऐच्छिक आहे. नकाशावर दिसते ती संदेश इंटरनेटवर पोचल्याची वेळ. वाटेत रेंगाळलेला जुना संदेश नंतर पोचला, की गाडी नकाशावर चक्क मागे उडी मारते. डोंगराआड गेलेला माणूस तर नकाशावर शेवटच्या जागीच उभा राहतो. शोधपथक त्या ठिपक्यावर विसंबले तर काय होईल, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

दोष केवळ पद्धतीचा नाही, आपल्या पाहण्याचाही आहे. सुरुवातीला नावात ‘स्थान’ हा शब्द होता. पुढे त्याजागी ‘पॅकेट’ आला. ही गाड्यांचा माग काढणारी पद्धत नव्हे, परिसरातल्या लोकांनी परस्परांना ताजी माहिती देण्याची दुतर्फा पद्धत आहे, असे ब्रुनिंगा (निधन २०२२) पुन्हा पुन्हा सांगत राहिले. इंटरनेटवरचा नकाशा मात्र आपल्याला नुसते प्रेक्षक करतो. महापुरात इंटरनेट बंद पडले, तर तो नकाशाही गेला. बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि टेकडीवरचे केंद्र मात्र बोलत राहू शकतात. पद्धतीचे खरे बळ तिथे आहे.

म्हणून नकाशा जरूर दाखवावा, पण प्रत्येक ठिपक्यापाशी तीन प्रश्न विचारावेत : हे कुणी ऐकले? केव्हा ऐकले? मधल्या वेळात काय घडले असेल? ठिपका सांगतो ते ‘इथे आहे’ असे नसते. ‘इथे असल्याचे शेवटी ऐकले’ एवढेच असते. मोजमाप आणि वस्तुस्थिती यांतला हा फरक एकदा कळला, की तो विज्ञानाच्या प्रत्येक तासाला उपयोगी पडतो.