तेरा काप, एकच डोके

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रकल्पांचा परीक्षक म्हणून गेलो होतो. एका गटाने डीप लर्निंगच्या साहाय्याने, एमआरआय चित्रांवरून मेंदूतील गाठीचा प्रकार ओळखायला संगणकाला शिकवले होते. अचूकता जवळजवळ शंभर टक्के! मी विचारले, "चाचणीची चित्रे कशी निवडली?" "चिठ्ठ्या टाकल्यासारखी, सर." घोळ तिथेच होता.

त्यांनी वापरलेला चित्रसंग्रह जगभर वापरला जातो. तो चीनमधील दोन रुग्णालयांतला, २००५ ते २०१० या काळातला. त्यात मेनिंजिओमा, ग्लायोमा आणि पिट्युटरी ग्रंथीची गाठ अशा तीन प्रकारांची ३०६४ चित्रे आहेत. रुग्ण मात्र २३३. म्हणजे दर डोक्यामागे सरासरी १३ चित्रे. एमआरआयची चित्रे पावाच्या कापांसारखी असतात; शेजारचे दोन काप जवळजवळ सारखेच. सगळी चित्रे सरमिसळ केली की एकाच रुग्णाचा सातवा काप शिकवणीत आणि आठवा चाचणीत जातो. मग यंत्राने गाठ ओळखली की ओळखीची कवटी, हे कसे ठरवणार? फळ्यावर सोडवलेले गणित आकडेही न बदलता चाचणीत घातले, तर त्या गुणांना आपण किती किंमत देतो?

हा दोष संग्रहकर्त्यांचा नव्हे. चेंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या आपल्या निबंधात वाटणी रुग्णनिहाय केली होती. त्यांची अचूकता ९१ टक्क्यांच्या आसपास होती, आणि मला तोच आकडा अधिक मोलाचा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्याकडे फिट येऊन दाखल झालेल्या रुग्णाच्या मेंदूत कडीसारखी विकृती दिसली, तर डॉक्टरांना अनेकदा वेगळाच पेच पडतो : क्षयाची गाठ, की पट्टकृमीच्या अळीची पुटी? क्षय असेल तर कित्येक महिने औषधे घ्यावी लागतात. पुटी पुष्कळदा लवकर विरते. वेल्लोरच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनवरून एक निकष मांडला होता : कडी एकटी आणि २० मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर पुटीची शक्यता अधिक. या दोन्ही विकृती वरील संग्रहात नाहीत. तीनच खण शिकलेले यंत्र क्षयाची गाठही त्यांपैकीच एका खणात टाकणार, आणि तेही ठामपणे.

गटातील एका मुलीने विचारले, "मग क्षयाच्या गाठींची चित्रे कुठे मिळतील?" आपल्याच रुग्णालयांत, असे मी म्हणालो. पण संमती घ्यायची, नावे काढायची, प्रत्येक चित्राला उपचारानंतरचे पक्के निदान जोडायचे, हे एका सत्राच्या प्रकल्पात होणारे काम नाही.